काडी मागणारे साहेब

"काडी आहे का?"

कुठल्याही गावात उतरले की साहेबांचं पहिलं वाक्य हे. नमस्कार नंतर, चहा त्याच्याही नंतर. पारावरचा कुणीतरी उठून काडेपेटी पुढे करायचा आणि साहेब आता सिगारेट काढतील, आपल्यालाही एखादी देतील, म्हणून तिथेच घुटमळायचा. साहेब पिशवीतून काढायचे कापसाचा बोळा. तो चिमट्यात धरून स्पिरिटमध्ये बुडवायचे, पेटवायचे आणि सरळ गावच्या नळाच्या तोंडाला लावायचे.

"ओ सायेब, नळ जाळता का काय?"

"जाळत नाही हो. त्याचं तोंड धुतोय."

नळाच्या तोंडावरची घाण नमुन्याच्या बाटलीत जाऊ नये, म्हणून हा चटका. मग थोडं पाणी सोडायचं, बाटली भरायची, तिच्या तोंडाला कागद गुंडाळून दोरा बांधायचा. एवढ्याशा कामाला निम्मं गाव जमायचं, जणू डोंबाऱ्याचा खेळ आलाय.

नव्वदच्या दशकात मी पेठ तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात आरोग्य सेवक म्हणून लागलो, तेव्हा साहेब नाशिकला पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत होते. दर महिन्याला पाड्यापाड्यावरच्या पाण्याच्या बाटल्या घेऊन मी एसटीनं त्यांच्याकडे जायचो. ते बाटली खिडकीच्या उजेडात धरायचे आणि विचारायचे, "हे पितं कोण?"

पहिल्यांदा मी गावाचं नाव सांगितलं.

"गाव चिठ्ठीवर लिहिलंय. पितं कोण?"

हा माणूस जरा चक्रम आहे, असं माझं त्या दिवशी ठाम मत झालं आणि परतीच्या एसटीत मी ते कंडक्टरलाही ऐकवलं.

चक्रमपणाचे पुरावेही मिळत गेले. देवळ्याकडच्या एका सरपंचांनी घरी नवा नळ बसवला होता, चांदीसारखा चकचकीत. साहेबांनी नेहमीप्रमाणे काडी मागितली, चटका दिला, आणि तो नळ सगळ्यांच्या देखत वाकून खाली मान घालून उभा राहिला. चांदीचा रंग दिलेलं प्लास्टिक होतं ते! सरपंचांचा चेहरा नळापेक्षा वाकडा झाला. आठ दिवसांनी साहेब एसटीनं पितळी नळ आणि पाना घेऊन हजर. स्वतः बसून नळ बसवला, वर म्हणाले, "आता याला हवा तितका चटका द्या." सरपंच इतके हसले, की साहेबांना जेवल्याशिवाय सोडलं नाही.

एकदा मी न राहवून विचारलं, "साहेब, चार आण्याची काडेपेटी तुम्ही जवळ का नाही ठेवत?"

"माझ्याजवळ काडी असती तर मी एकटाच नळाशी उभा राहिलो असतो," ते म्हणाले. "मागितली की माणसं येतात. बघतात. मग बाटलीत काय भरलं, ते मला एकट्यालाच माहीत राहत नाही."

मी मान डोलावली. कळलं काहीच नव्हतं.

आता माझी गोष्ट सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय साहेब पुरे होत नाहीत. आमच्या हद्दीत डोंगरावर एक पाडा होता. रस्ता संपला की दीड तासाची चढण. पाड्याला नळ नाही, एक विहीर. एका उन्हाळ्यात मला चढायचा कंटाळा आला. सरळ सांगतो, कंटाळाच, दुसरं काही नाही. मी केंद्राच्या नळावर बाटली भरली आणि चिठ्ठीवर पाड्याचं नाव लिहिलं. पण हाताची सवय कुठे जाते? नमुना घेतल्यावर पाण्यात क्लोरीन आहे का, ते थेंब टाकून बघायचं आणि फॉर्मवर लिहायचं असतं. मी थेंब टाकले, पाणी पिवळं झालं, आणि लिहून टाकलं: क्लोरीन आहे. बाटली खोटी भरली आणि फॉर्म मात्र इमानदारीत भरला!

अहवाल आला, "पिण्यास योग्य." खाली साहेबांची सही.

पुढच्याच महिन्यात तालुक्याला जनसुनावणी भरली. सरकारी दवाखाना आणि पाणी यांबद्दल लोकांनी बोलायचं आणि अधिकाऱ्यांनी तिथल्या तिथे उत्तर द्यायचं, अशी ती सभा. आमच्याकडे असलं काही पहिल्यांदाच घडत होतं. सभागृह खचाखच भरलेलं, खिडक्यांतही माणसं. त्या पाड्यावरची सोनीबाई उठली. डोक्यावरची कळशी तिनं थेट मंचाच्या टेबलावर ठेवली.

"ह्ये आमच्या इहिरीचं पानी. पाड्यात घरटी एक माणूस हागवणीनं पडलंय. माजी नात तीन दिस सलाईनवर व्हती. नर्सबाई आमच्याकडं येत नाय, पावडर येत नाय. आमी काय करावं, सांगा."

जिल्ह्याहून आलेल्या मोठ्या साहेबांनी फाईल उघडली. "बाई, तुमच्या पाण्याचा अहवाल चांगला आहे. पिण्यास योग्य. आता प्रयोगशाळेनंच सांगितलंय म्हटल्यावर..." असं म्हणत त्यांनी फाईल मिटायला घेतली. सोनीबाई कळशीकडे बघत उभी. तिची तक्रार तिथेच संपत होती, आणि ती संपवणारा मी शेवटच्या रांगेत बसलो होतो.

मंचाच्या कडेच्या खुर्चीवरून आमचे प्रयोगशाळेचे साहेब उठले. "बघू जरा," म्हणत त्यांनी फाईल घेतली. कळशीतलं पाणी पेल्यात ओतून उजेडात धरलं. हिरवट पाणी, तळाशी गाळ.

"बाई, विहिरीत क्लोरीनची पावडर शेवटची कधी टाकली?"

"कधीच नाय."

"या फॉर्मवर तर क्लोरीन आहे असं लिहिलंय." ते सभागृहाकडे वळले. मग मोठ्यानं म्हणाले, "सही माझी आहे. पण मी तपासलं ते पाणी या बाईंच्या विहिरीचं नव्हतं. फॉर्म नीट न बघता मी सही केली. हा अहवाल चुकीचा आहे."

सभागृहात जो गलका उठला! मोठे साहेब लालबुंद. "अहो, तुम्ही कुणाच्या बाजूचे?" ते ओरडले. बाटली कुणी भरली, हे आमच्या साहेबांना पक्कं ठाऊक होतं, फॉर्मवर माझं नाव होतं. पण त्यांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कदाचित मी बसून राहिलो असतो. मी उभा राहिलो.

"बाटली मी भरली. केंद्राच्या नळावर. मी पाड्यावर गेलोच नव्हतो."

पुढचं सगळं स्वप्नात घडल्यासारखं झालं. "चला मग आत्ताच!" कुणीतरी ओरडलं, आणि खरोखरच सगळे निघाले. जीप, टेम्पो, मिळेल ते. रस्ता संपला तिथून मोठे साहेब धापा टाकत चढताहेत, पुढे सोनीबाई रिकामी कळशी कमरेवर घेऊन झपाझप, मागे शंभरएक माणसं. मला शिव्याही पडत होत्या आणि तरी सांगतो, माझ्या नोकरीत मला इतकं हलकं कधी वाटलं नाही.

विहिरीवर साहेबांनी हात पुढे केला. "काडी आहे का?"

"इहिरीला चटका देता व्हय?" सोनीबाईनं विचारलं आणि भर उन्हात सगळे हसले.

काडी लाखेसाठी हवी होती. बाटली भरून तिचं तोंड लाखेनं बंद केलं. मग साहेबांनी चिठ्ठी तिच्यापुढे धरली. "पितं कोण?"

"आमी."

"मग अंगठा तुमचा."

आठवड्यानं "पिण्यास अयोग्य" असा अहवाल आला. साहेबांनी तो टपालानं पाठवला नाही. स्वतः चढून आले आणि पाड्यावर मोठ्यानं वाचून दाखवला. विहीर उपसली गेली, पावडर सुरू झाली, नर्सबाई दर आठवड्याला दिसू लागली. माझी वेतनवाढ रोखली, ते ठीकच झालं. साहेबांनाही भर सभेत बोलल्याबद्दल नोटीस आली. त्यांनी एका ओळीत उत्तर दिलं: सही माझी होती, म्हणून बोललो. त्यानंतर त्यांच्याकडे जाणाऱ्या माझ्या प्रत्येक चिठ्ठीवर पाणी पिणाऱ्याची सही किंवा अंगठा असायचा.

पाड्यावर नळ आला तेव्हा साहेब नव्हते. निवृत्तीनंतर दोनच वर्षांत गेले. नळाची बातमी त्यांना सांगायची राहिली, याची हळहळ मला अजून वाटते.

नव्या नळाचा पहिला नमुना घ्यायला मीच चढलो. स्पिरिट, कापूस, चिमटा, सगळं काढलं. काडेपेटी माझ्या खिशात होती. ती काढायला हात घातला, आणि तसाच रिकामा बाहेर काढला.

"काडी आहे का?" मी मोठ्यानं विचारलं.

सोनीबाई आता चांगलीच थकली होती. ती नळाशेजारच्या भिंतीकडे गेली. तिथल्या कोनाड्यात पत्र्याची एक डबी होती.

"त्या सायबासाटी ठेवलीय," ती म्हणाली आणि डबीतून काडेपेटी काढून मला दिली. मी काडी ओढली, तोवर घराघरातून माणसं बघायला बाहेर येऊ लागली होती.