रानातल्या हॉटेलातून केलेली तक्रार

सुमनवहिनी. माझ्या थोरल्या भावाची बायको. माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी हेच नाव घेईन, आणि घेताना विचारही करावा लागणार नाही. पण तिच्या बाबतीत मी एक गोष्ट केली आहे, ती आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. दादाला माहीत नाही. बायकोला माहीत नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसाकडे बघून हे बोलता येईल का? मला नाही आलं, इतकी वर्षं.

आई गेली तेव्हा मी चौथीत होतो. त्याच वर्षी वहिनी आमच्या भाजे गावातल्या घरात आली. दादा टेम्पोवर, आठवड्यातून दोनदा घरी. म्हणजे मला वाढवलं ते वहिनीनेच. मी तिला ‘तू’ म्हणत आलो. ती मात्र त्या चौथीतल्या पोरालाही ‘तुमी’ म्हणायची — ‘भावजी, तुमी जेवलाव का?’ धाकटा असला तरी दीर तो दीर, अशी तिची रीत.

मी शिकलो ते तिच्या भाकरीवर. हे बोलायची पद्धत म्हणून म्हणत नाही. पावसाळ्यात लेणी बघायला आणि लोहगडाला जायला शहरातली पोरं आमच्या गावातून जातात. वहिनीने रस्त्याकडेला ताडपत्री बांधली, तीन दगडांची चूल मांडली आणि पिठलं-भाकरी विकायला बसली. तांदळाची, नाचणीची. तिची भाकरी हातावर थापलेली असते, परातीत नाही. त्यावर माझी लोणावळ्याची शाळा झाली, पुण्याचं इंजिनिअरिंग झालं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. निकाल लागला तेव्हा वहिनीने गुणपत्रिका उलटीसुलटी करून बघितली आणि म्हणाली, ‘आता माज्या चुलीला बी डिगरी मिळाली.’

मला हिंजवडीत नोकरी लागली. आणि तिथे मी — कसं सांगू — तिथे मी थोडा वेगळा माणूस झालो. खोटं फारसं बोललो नाही. गप्प राहिलो, ते जास्त. माझ्या आडनावावरून काही कळत नाही, आणि कुणी आडून आडून विचारलं की मी विषय बदलायचो. आम्ही बौद्ध आहोत, हे ऑफिसात कुणाला माहीत नव्हतं. घरचे काय करतात, यावर माझं ठरलेलं उत्तर होतं, ‘घरचे हॉटेल लाइनमध्ये आहेत.’ ताडपत्रीखालच्या चुलीलाही हॉटेल म्हणता येतं, नाही का? मी स्वतःची अशी समजूत घालायचो.

मग एक दिवस हे उत्तर जवळजवळ खरं झालं. लोणावळ्याच्या पुढे, घाटाच्या अंगाला दाट रानात एक मोठं हॉटेल आहे. तिथल्या एका माणसाने वहिनीची भाकरी खाल्ली आणि तिला कामावर घेतलं. महिन्याच्या पगाराचं काम, तिच्या आयुष्यातलं पहिलं. मळवलीच्या फाट्यावरून हॉटेलची गाडी बायकांना न्यायची आणि आणून सोडायची. गळ्यात फोटोचं ओळखपत्र. ते ती घरी आल्यावरही काढायची नाही. दादा चिडवायचा, ‘झोपताना तरी काढ, घरात कोण अडवणार हाय तुला?’

काही महिन्यांनी आमच्या साहेबांनी कंपनीची सहल ठरवली. त्याच हॉटेलात. नाव ऐकलं आणि मी ओळखलं. वहिनीला फोन करून सांगायला हवं होतं, ‘मी येतोय.’ नाही केला. ती आत, स्वयंपाकघरात असेल. गाठ पडणारही नाही — असं मनाशी म्हटलं. गाठ पडू नये अशी माझी इच्छा होती, हे त्यातच आलं.

हेही लपवत नाही, की मला ते हॉटेल फार आवडलं. प्रत्येकाला झाडीत वेगळी लाकडी खोली. पांढरीशुभ्र गादी, तीत माणूस रुतून जातो. न्हाणीघरात टब, आणि टबाशेजारी जमिनीपासून छतापर्यंत काच. काचेपलीकडे ऐन, हिरडा, जांभूळ, कारवीचं रान. माकडं येतात, दार लावून घ्या, अशी पाटी. मी गरम पाण्यात पडून ती झाडं बघत होतो. अशाच रानातून मी आणि वहिनीने डोक्यावर फाटी वाहिली होती. तिची मोळी मोठी, माझी लहान. पाण्यात पडल्यापडल्या मला वाटलं, सुटलो एकदाचा. आम्ही सुटलो, असं नाही. मी सुटलो.

संध्याकाळी कपडे करून पोहण्याच्या तलावाकडे निघालो. तिथे जेवणाची तयारी होती. पायवाट वळते तिथे मी थांबलो. गवताने शाकारलेली एक खोटी झोपडी उभी केलेली, समोर चूल, आणि चुलीपाशी वहिनी. हॉटेलने तिला नऊवारी नेसवली होती, नाकात नथ, कपाळभर कुंकू. आमच्या घरात भिंतीवर बुद्धांची तसबीर आहे, वहिनी कुंकू लावत नाही. क्षणभर मला ती ओळखूच आली नाही. मग तिने भाकरी या हातावरून त्या हातावर फिरवली, आणि ओळखली.

भोवती माझ्याच ऑफिसातली माणसं. माझ्या शेजारच्या टेबलावरचा नितीन मोबाइल धरून उभा.

‘मावशी, फुगवून दाखवा ना परत, व्हिडिओ काढतोय.’

‘फुगंल की. तुमी फुगलाय तशीच फुगंल.’

सगळे खदखदून हसले. साहेबसुद्धा. ती रंगात आली होती. घरी पाहुणे आले की येते, तशीच.

‘गाव कुठलं, मावशी?’

‘भाजं. मळवलीच्या पल्याड.’

‘मुलं काय करतात?’

‘लेक शाळंत हाय. आन् दीर हाय माजा, इंजिनेर! पुण्याला, मोठ्या कंपनीत.’

‘अरे वा! कुठल्या कंपनीत?’

तेवढ्यात भाकरी टम्म फुगली, सगळे ओरडले, आणि प्रश्न तिथेच राहिला. मी झाडाआड उभा होतो. पुढे व्हायला काय हवं होतं? चार पावलं. तिने मान वर केली असती आणि म्हणाली असती, ‘अगं बया, भावजी! जयभीम!’ एवढंच. पण त्या एका वाक्यात माझं सगळं झाकलेलं उघडं पडलं असतं — गाव, घर, चूल, जात. मी मागे वळलो. खोलीत आलो, दार लावून घेतलं.

इथपर्यंतची गोष्ट एखाद्या लाजऱ्या, भित्र्या माणसाची म्हणून कुणी समजून घेईल. इथेच थांबलो असतो तर मलाही हे लिहावं लागलं नसतं.

ती उद्याही तिथेच असणार होती. नितीन उद्याही तिला विचारणार होता. मी पलंगावर बसून हाच विचार करत राहिलो. मग उशाजवळचा फोन उचलला आणि रिसेप्शनला सांगितलं, ‘भाकरीच्या काउंटरवर जी बाई आहे, तिच्या भाकरीत केस निघाला.’

पलीकडची मुलगी गडबडली. ‘सॉरी सर! पण सर, त्या मावशी तर खूप…’

‘मला वाद घालायचा नाही. ती बाई स्वच्छ वाटत नाही. उद्या ती तिथे दिसता कामा नये.’

स्वच्छ वाटत नाही. हे शब्द माझे आहेत. आमच्या आधीच्या पिढ्यांनी हेच ऐकलं — विहिरीवर, दारात, देवळाबाहेर. मला ते कुणी कधी तोंडावर म्हणालं नाही, कारण वहिनी रोज माझा शर्ट धुऊन, तांब्यात निखारे घालून इस्त्री करून द्यायची. शर्टाला बोट लावायला जागा ठेवायची नाही ती. आणि तो शब्द वापरायची पाळी माझ्यावर आली तेव्हा मी तो तिच्यावर वापरला. शोधावाही लागला नाही. तोंडात तयार होता.

आणि त्या दिवशी मी तिची भाकरी खाल्लीच नव्हती.

थोड्या वेळाने मॅनेजर स्वतः आले. हात जोडून माफी मागितली, आणि फळांची परडी ठेवून गेले — सफरचंदं, पेअर, वर चकचकीत कागद. दुसऱ्या दिवशी झोपडीत गॅसची शेगडी होती आणि एक आचारी फुलके भाजत होता. नितीन हळहळला, ‘काय राव, कालची मावशी कुठं गेली? काय भाकरी होती!’ साहेब म्हणाले, ‘मी तिच्यासाठीच लवकर आलो.’ मी मान डोलावली. म्हणालो, ‘हो ना.’

रविवारी परत निघालो. परडी हातात होती. ती फेकवेना, कुणाला देता येईना. भाजे तर वाटेवरच. मी रिक्षा केली आणि घरी गेलो. हो, ती परडी घेऊन. लोणावळ्याला ऑफिसचं काम होतं, असं सांगितलं.

वहिनी ओट्यावर बसली होती. गळ्यात ओळखपत्र नव्हतं. मला बघून उठली, पाणी दिलं, परडीतलं सफरचंद चिरून माझ्याच पुढे ठेवलं. मग म्हणाली, ‘काढलं मला, भावजी. काल फाट्यावर गाडीत चढाय लागले, तर डायवर म्हनतो, मावशी, तुमाला न्हाई घ्यायचं. समद्या बायांम्होरं. कुना पावन्याच्या भाकरीत केस निगाला म्हनं.’

मी सफरचंदाची फोड तोंडात घातलेली होती.

‘तुमी सांगा. तुमी एवढी वरसं खाताय माज्या हातचं. निगाला का कदी?’

मी म्हणालो, ‘नाही गं. मोठ्या हॉटेलात असंच असतं.’

‘तुमी बोलता का त्यांच्यासंगं? विंग्रजीत? तुमचं ऐकत्याल.’

‘बघतो,’ म्हणालो. आणि आठवड्याने तिला फोन करून कळवलं, की बोललो, पण ते ऐकत नाहीत. मी कुणाशीही बोललो नव्हतो. तिने काय करावं? गावभर सांगितलं — ‘भावजींनी माज्यासाठी लय परयत्न केला.’ अजून सांगते.

ताडपत्री तिने पुन्हा कधी बांधली नाही. दादाने दोन-तीनदा बांबू काढले. ती म्हणाली, ‘नगं. लोकांच्या तोंडात काय गेलं तर?’ आता ती पोल्ट्रीवर जाते, अंडी भरायला. घरी पीठ मळायच्या आधी डोक्याला फडकं घट्ट बांधते, कपाळावर वळ उठेस्तोवर. भाकरी झाली की दारात नेऊन उजेडात धरते, दोन्ही अंगांनी न्याहाळते, मग ताटात वाढते. दादाला वाटतं, वयानुसार नजर कमी झाली.

गेल्या महिन्यात तळेगावात मी फ्लॅट घेतला. परवा तिथे बुद्धवंदना झाली, मग जेवणं; ऑफिसातल्यांना मी मुद्दाम उशिरा, वंदना आटोपल्यावर बोलावलं होतं. आमच्यातल्या बायका भाकऱ्यांना बसल्या आणि एकीने हाक मारली, ‘सुमन, ये की, तुज्यावानी कुनाला जमत्यात?’ वहिनी भांडी घासत होती. तिथूनच हसत म्हणाली, ‘नगं बया. आज भावजींचे सायेब यायचेत. माज्या हातची नगं.’

सगळ्या हसल्या. तीही हसली. मी दारात उभा होतो, हातात पाण्याचे ग्लास.

 मी ग्लास वाटले.

काल पत्र लिहिलं आणि टपालात टाकलं; अजून पोचलं नसेल. समोर बसून का नाही सांगितलं? कारण मी अर्ध्यावर आलो असतो आणि ती म्हणाली असती, ‘जाऊ द्या भावजी.’ ती माफी मला इतक्या स्वस्तात घ्यायची नव्हती. वहिनी सातवी शिकलेली आहे. सावकाश, बोट ठेवून वाचते. म्हणून अक्षर मोठं काढलं. पत्र असं —

वहिनी, जयभीम.

हॉटेलातून तुला काढलं, तेव्हा केस निघाल्याची तक्रार ज्या पाहुण्याने केली होती, तो पाहुणा मी. मी त्या वेळी ऑफिसच्या लोकांबरोबर तिथेच उतरलो होतो. तुला चुलीपाशी बघितलं. तू माझं कौतुक सांगत होतीस, तेही ऐकलं. तू मला हाक मारशील आणि आपलं घर त्यांना कळेल, याची मला लाज वाटली.

केस निघाला नव्हता. मी भाकरी खाल्लीही नव्हती. तू स्वच्छ नाहीस, असं मी फोनवर म्हणालो.

फळं त्या खोट्या तक्रारीबद्दल मला मिळाली होती. हॉटेलवाल्यांशी मी कधीच बोललो नाही. बोललो, असं तुला खोटं सांगितलं.

तुझ्या हातात कधीही काही वाईट नव्हतं. हे पत्र दादाला दाखव. गावात ज्यांना ज्यांना तू माझं चांगलं सांगितलंस, त्यांनाही वाचून दाखव. चुलीपाशी बसलेली ती मावशी माझी वहिनी आहे आणि आपण कोण, हे माझ्या ऑफिसात मी स्वतः सांगितलं आहे.

अनिल