शून्यावर बसलेला काटा

कल्याणच्या घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं. वडील रखमाजी मेंढराच्या कानाला नुसता हात लावून ताप आहे की नाही ते सांगत, आणि जाफराबादकडची माणसं त्यांचं ऐकत. कल्याणला मात्र हे कधी पटलं नाही. हाताचा काय भरवसा? नवीन जालन्यात त्यानं एसी दुरुस्तीचं दुकान टाकलं ते या एकाच मतावर.

जालन्यातल्या एसीला एकच आजार होतो. गिऱ्हाईक दारातूनच सांगतं, "गॅस संपला." कल्याण गॅसचा दाब मोजणाऱ्या गेजच्या नळ्या जोडायचा, काटा बघायचा आणि म्हणायचा, "गॅस बराबर हाय. जाळी धुवा." गिऱ्हाईक रुसायचं. कल्याणला त्याचं काही वाटायचं नाही. काटा खोटं बोलत नाही, हे त्याचं ठरलेलं वाक्य होतं.

घरीही तोच कायदा. नवरात्रात बायको, दैवशाला, म्हणाली, "अहो, अंगात कणकण हाय. कपाळ तापून राह्यलंय." कल्याणनं पाईपाचं तापमान बघायची गन काढली आणि उंबऱ्यातूनच नेम धरला. लाल ठिपका तिच्या कुंकवाशेजारी पडला.

"बत्तीस," तो म्हणाला. "तू तर गार हाय."

दैवशाला पोळ्या लाटत राहिली. त्यानंतर ती अंगाचं काही बोललीच नाही. मग घरातलंही बोलेना. जेवायला वाढायची, हवं-नको विचारायची, बस. पंधरा वर्षं अखंड बोलणारी बायको गप्प झाली, हे कल्याणला दिसत होतं आणि आतून खात होतं. पण ते मोजायचं यंत्र त्याच्याकडं नव्हतं, म्हणून त्यानं विषय काढला नाही.

खंडेनवमीला तिनं हत्यारांची पूजा केली. पाने-पक्कड, गेज, नळ्या, गन, सगळ्यांना हळदकुंकू, झेंडू आणि मूठमूठ अक्षता. दसरा झाल्यावर कल्याण पेटी भरत होता तेव्हा ती एवढंच म्हणाली, "झटकून न्या." कल्याण न झटकताच निघाला.

काम मोठं होतं. एका बियाणे कंपनीच्या थंड खोलीची तपासणी होती; ती नीट झाली तर वर्षभराची देखभाल त्याच्याकडं येणार होती. गोदाम सांभाळणाऱ्या इंद्रायणी मॅडम शाल पांघरून उभ्या होत्या. कल्याणनं नळी जोडली. काटा शून्यावर होता, शून्यावरच राहिला.

"मॅडम, यात गॅस न्हाई."

"कल्याणभाऊ, मला हुडहुडी भरलीय."

"काटा तसं म्हणत न्हाई."

बियाणं तापलं तर उगवणार नाही. मॅडमनी हमालांना हाक मारली, पोती दुसऱ्या गोदामात निघाली. कल्याणनं मशीनचा करंट बघितला: ठीक. खोलीतला थर्मामीटर बघितला: गार. दोन साक्षीदार उलट जबाब देत होते, पण कल्याणनं काट्याचंच ऐकलं. त्यानं गॅसचा सिलेंडर वजनकाट्यावर ठेवून नळीला जोडला. गॅस आत जाईना, सिलेंडर हलका होईना. पोती मात्र चालली होती.

तेवढ्यात दैवशालाचा फोन आला. डबा घरीच राहिला होता.

"डबा ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "गेजच बिघडलंय बहुतेक. काटाच हलंना."

तिनं विचारलं, "नळ्या झटकल्या का? तोंडावर अक्षता वाहिल्या व्हत्या मी. सांगितलं व्हतं ना."

कल्याणनं नळी सोडून तळहातावर आपटली. हळद लागलेला तांदळाचा दाणा बाहेर पडला. पुन्हा जोडली, तर काटा उठून जिथं असायला हवा तिथं जाऊन उभा राहिला.

मॅडमनी दाणा बघितला, मग घामाघूम हमालांकडं बघितलं. "हे कुणाचं काम?"

"माझंच," कल्याण म्हणाला. "सांगितल्तं मला. मी ऐकलं न्हाई."

"कळवते तुम्हाला," मॅडम म्हणाल्या. कळवते म्हणजे काय, हे कल्याणला कळलं. पोती त्यानं हमालांबरोबर परत आणून ठेवली.

संध्याकाळी घरी आला तेव्हा दैवशाला भिंतीला टेकून बसली होती. "गेलं ना काम? माझ्याच पूजेनं."

कल्याणनं पेटी दाराशीच ठेवली. जवळ बसला आणि काय करावं ते न सुचून त्यानं तिच्या कानाला हात लावला. कान चटका बसावा इतका तापला होता.

"मी काय मेंढरू हाय का?" ती म्हणाली.

"चांगलाच ताप हाय गं."

"बत्तीस असंल."

"चल, दवाखान्यात. ऊठ."

गाडीवर मागं बसल्यावर ती बोलायला लागली. कणकण केव्हापासून, रात्री झोप कशी लागत नाही, शेजारीण काय म्हणाली, आणि ती गन आपल्यावर पुन्हा रोखली तर ती नाल्यात कशी जाईल. ऐकू यावं म्हणून कल्याणनं गाडी हळू चालवली.