पटावर हवी, वर्गात नको

अन्याय झाला तो सातवीतल्या एका मुलीवर. उसाच्या गेल्या हंगामात, संक्रांतीनंतरच्या पहिल्या मंगळवारी, सकाळी अकरा वाजता. ठिकाण आमच्या गावची सरकारी शाळा, खिचडी शिजवायची खोली. करणारे मुख्याध्यापक. त्यांनी मलाही शिकवलंय, त्यामुळे मी त्यांना अजून गुरुजीच म्हणते. मुलीचं नाव लिहीत नाही. गावाचंही नाही. साखर कारखान्याच्या धुराड्यातला धूर जिथवर दिसतो तिथवरच्या कुठल्याही गावाचं धरा.

मी या शाळेत होते तेव्हा सातवीला बाकं पुरायची नाहीत. पाटलांचा मुलगा, न्हाव्याचा, मागासवर्गीय वस्तीतली मी, सगळे एका बाकावर दाटीवाटीनं. आता सकाळी पिवळी बस येते आणि गावातली पोरं टाय लावून नातेपुत्याच्या बाजूच्या इंग्रजी शाळेत जातात. ज्याच्याकडं चार एकर ऊस आहे त्याचं पोरगं बसमध्ये. ज्याच्याकडं नाही, तोही हातउसनं करून बसमध्ये. सरकारी शाळेत उरलं कोण? ऊस तोडणाऱ्यांची पोरं, सांगोल्याकडून आलेल्या मेंढपाळांची दोन भावंडं, आणि गावातली ती थोडी, ज्यांना बस परवडतच नाही. गावच्या शाळेत गाव नाही. पण पंधरा ऑगस्टला भाषण ठोकायला सगळे हजर, “आपली शाळा, आपला अभिमान.”

ही मुलगी जतच्या बाजूची. घरात कानडी. आईबाप आदल्या हंगामात ऊस तोडायला आले आणि तो संपल्यावर परत गेलेच नाहीत, कारण गावाकडं पाणी नव्हतं. कारखान्याच्या रस्त्याला उसाच्या पाचटाच्या झोपड्या आहेत, त्यांना आम्ही कोप्या म्हणतो. तिथंच राहिले, बागायतदाराच्या रानात मजुरी करत.

सप्टेंबरअखेर शाळेचा पट मोजतात. पटावर किती पोरं, त्यावर किती शिक्षक ते ठरतं. त्या महिन्यात गुरुजी मोटारसायकल घेऊन स्वतः कोप्यांवर गेले. मी सोबत होते. आमची संघटना शाळाबाह्य पोरांचं काम करते. गुरुजी तिच्या बापाशी इतकं गोड बोलले की मलाच भरून आलं.

“पोरगी हुशार दिसतीय तुमची. पाठवा की शाळेत. पुस्तकं फुकट, कपडे फुकट, जेवण फुकट.”

बाप म्हणाला, “मुकादम म्हणतो तिला मोळ्या बांधायला आण. आता ती मोठी झाली.”

“मुकादमाला सांगा, पोरगी शाळेत हाय. कायदा हाय तसा.”

बापानं खरंच तसं सांगितलं. हंगाम सुरू झाल्यावर मुकादम कोपीवर येऊन ओरडून गेला, तरी बापानं पोरीला उसात नेलं नाही. “शाळेत हाय ती,” एवढंच म्हणत राहिला. सगळं त्या एका वाक्यावर टेकलं होतं. तेरा वर्षांची पोर. शाळेत नसली तर उसात, आणि दोन हंगाम उसात काढले की लग्न. हे तिलाही माहीत होतं.

मी रोज सकाळी सातला कोप्यांवर जायचे. आईबाप पहाटेच उसाच्या फडात गेलेले असायचे. चुलीवरचं पाणी, धाकट्या भावाचं शेंबडं नाक, सगळं हिच्याच गळ्यात. मी पोरं गोळा करायचे आणि शाळा भरेपर्यंत आम्ही शाळेच्या ओट्यावर वाचायला बसायचो. माझी आई म्हणायची, “लोकांची पोरं शाळेत घालतीस, सवताचं काय बघतीस का न्हाय?”

वयावरून तिला सातवीत घातलं होतं आणि तिला मराठी अक्षर येत नव्हतं. हे लपवून काय उपयोग? वर्गातले हसायचे. ती “पाणी” ऐवजी “नीर” म्हणाली की दिवसभर तेच. संक्रांतीपर्यंत ती चौथीच्या पुस्तकातला उतारा वाचायला लागली. अडखळत, बोट ठेवून, जोडाक्षर आलं की श्वास धरून. पण वाचायला लागली.

मग कळलं, तपासणी आहे. साहेब वर्गात बसणार, प्रत्येकाकडून उतारा वाचून घेणार, एक भागाकार सोडवून घेणार आणि त्यावर शाळेची श्रेणी ठरणार.

तिनं विचारलं, “ताई, साहेब मला पण विचारतील?”

“सगळ्यांना विचारतात.”

“मग मी चिमणीचा वाचते. तो मला लई येतो.”

“ते देतील तो वाचायचा.”

“देऊ दे की. त्यात पण तीच अक्षरं असणार.”

मंगळवारी मी पोरांना फाटकाशी सोडलं आणि बैठकीसाठी तालुक्याला गेले. तिनं वेण्या घातल्या होत्या, मेंढपाळाच्या पोरीकडून लाल रिबीन मागून आणली होती. पुढचं मला खिचडीवाल्या मावशींनी सांगितलं.

प्रार्थना झाल्यावर गुरुजींनी कोप्यांवरची सगळी पोरं बाजूला काढली. “तुम्ही मावशींकडं बसा. तांदूळ निवडा. आज मोठी माणसं येणार हायेत, मदत करायची.” पोरं गेली. त्यांना कामाचं काय नवल? ही मात्र दारात उभी राहिली. “गुरुजी, मी वाचणार हाय.” गुरुजी म्हणाले, “नंतर.”

खिचडीची खोली सातवीच्या वर्गाला लागून आहे. मधली भिंत वरपर्यंत नाही. पलीकडं एकेक पोरगं उठून वाचत होतं आणि इकडं ही ताटात तांदूळ घेऊन ओठांतल्या ओठांत वाचत होती. मावशी म्हणाल्या, “आगं, तिकडचं पोरगं अडलं की ही हितनं पुढचा शबुद सांगायची. मी म्हणलं, गप बस बाई, माझी भाकरी घालवशील.”

अकराला साहेब जेवणाची सोय बघायला त्या खोलीत आले. पोरं उभी राहिली. साहेबांनी विचारलं, “ही मुलं कोणाची?”

गुरुजी म्हणाले, “मजुरांची आहेत सर. मावशींबरोबर येतात. आपल्या शाळेची नाहीत.”

ती तिथंच होती, साहेबांच्या पुढ्यात, आपल्याच शाळेचा गणवेश घालून. साहेबांना डोळे होते. त्यांनी गणवेश पाहिला, मान हलवली, खिचडी चाखली आणि मीठ बरोबर आहे म्हणाले.

संध्याकाळी मी गुरुजींच्या दारात उभी.

“आपल्या शाळेची नाही? सप्टेंबरात कुणी आणली तिला?”

“मीच आणली. म्हणून तर दुसरा शिक्षक राहिला, न्हायतर सगळे वर्ग एकटाच हाकत बसलो असतो.”

“मग वाचू का नाही दिलं?”

“सातवीच्या मुलीला चौथीचं धड वाचता येत नाही, असा शेरा पडला असता बाळ. नोटीस तुला येत न्हाय, मला येते. शाळेची श्रेणी घसरली की उरलेली चार पोरं पण बसमध्ये बसणार.”

“मी पत्रक काढते.”

“काढ की. शाळा बंद पडली की तितं तुमचं ऑफिस टाका. भिंती लई चांगल्या हायेत.”

सगळ्यात वाईट हे, की ते पूर्ण खोटं बोलत नव्हते. शाळा मोडायला टपलेले वर बसलेत आणि ते शाळा वाचवत होते. फक्त ज्यांच्यासाठी शाळा वाचवायची त्यांनाच लपवून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोपीवर गेले तर कोपीत धाकटा एकटा. ती फडात गेली होती. संध्याकाळी फडाच्या बांधावर बाप भेटला. हातपाय उसानं कापलेले, बोलला मात्र शांत.

“मुकादमाला मी सांगत होतो, पोरगी शाळेत हाय. काल पोरगी म्हणाली, अप्पा, गुरुजीच म्हणतात मी शाळेत न्हाय. आता मी काय सांगू?”

ती मागं मोळ्या रचत होती. मी हाक मारली. ती म्हणाली, “ताई, उद्यापासून धाकट्याला न्या.” परत माझ्याकडं पाहिलंच नाही.

पत्रक काढलं. गावानं वाचलं आणि गावाची बदनामी केली म्हणून माझ्या भावाला चावडीवर बोलावलं. बसवाले पालक म्हणाले, आमची पोरं तिथं नाहीतच, आम्हाला काय विचारता? शाळेला वरची श्रेणी मिळाली. फाटकाशी तसा फलक लागला. हंगाम संपून कारखाना बंद झाला, कोप्या उठल्या, ते कुटुंब गेलं. कुठं गेलं ते मुकादमही सांगत नाही. शाळेच्या हजेरीत मात्र ती उन्हाळी सुट्टी लागेपर्यंत रोज हजर होती.

सभा घेऊन, निवेदनं देऊन मी थकले. निवेदनावर पोच मिळते, पोरगी मिळत नाही.

तुम्ही हे वाचताय म्हणजे तुम्हाला वाचता येतं, कुणीतरी तुम्हाला वर्गात बसू दिलं. मग ऐका. तुमच्या गावच्या सरकारी शाळेत या वर्षीची तपासणी कधी आहे ते विचारा. तुमचं पोरगं तिथं नसलं तरी विचारा, कर तुम्हीही भरता. त्या दिवशी काम बुडवा आणि शाळेत जा. मागच्या खोलीत, ओट्यावर, मैदानाच्या कडेला जी पोरं बसवली असतील त्यांचा हात धरून त्यांना साहेबांसमोर वर्गात नेऊन बसवा. त्यांचं वाचून होईपर्यंत तिथून हलू नका.