बोंबील वाळवायचं स्टीरिंग

नवरा आंब्याच्या झाडावरून पडला आणि त्याचा उजवा खांदा कामातून गेला. त्याची तीन चाकांची सहा आसनी रिक्षा होती, पेण स्टँडवरून रामवाडीकडे भाडी मारायचा. तिला हँडल नाही, मोटारीसारखं गोल स्टीरिंग, पण जेवणाच्या ताटाएवढंच. वळवताना खांद्यात कळ यायची. म्हणून गाडी दारात उभी राहिली आणि हा घरात बसला. मी केर काढत असले की मागून म्हणायचा, "तो कोपरा राहिला गो." आमटीला उकळी यायच्या आत चव बघायचा. त्याला परत रस्त्यावर घालायचंच, असं मी ठरवलं. प्रेमाबिमाचा प्रश्न नव्हता.

स्वयंपाकघरात सासऱ्यांचं स्टीरिंग टांगलेलं होतं. सासरे एका मिठागरवाल्याच्या जुन्या मोटारीवर ड्रायव्हर होते. मोटार भंगारात गेली तेव्हा मालकाने आठवण म्हणून त्यांना ते चाक दिलं. परातीपेक्षा मोठं, हस्तिदंती रंगाचं. सासरे दसऱ्याला त्याला हार घालायचे. ते गेल्यावर मी त्यावर बोंबील वाळवायला लागले.

एकदा नवऱ्याने ते डाव्या हाताने फिरवून बघितलं. "मोठं चाक हलकं जातं गो. हेच बसवूया."

"आणि माजे बोंबील?"

"तुला नवरा चालता हवा का बोंबील?"

प्रश्न सोपा नव्हता, पण मी चाक उतरवलं.

चाकाचं भोक मोठं आणि गाडीचा दांडा बारीक निघाला. दांड्याच्या टोकाला बारीक दाते असतात, त्यांत चाक अडकतं. मधे बसेल असा लोखंडी बुश करायला हवा होता. रोह्याच्या लेथवाल्याने निरोप दिला, गाडी आणा, नाहीतर दांड्याचं माप आणा. गाडी नेणार कोण? शेजारी गणपतीचा कारखाना होता. त्या मूर्तिकाराने दांड्याचा शाडूत ठसा घेतला, त्यात प्लास्टर ओतलं, सुकवलं आणि फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिलं.

दिवस श्रावणाचे. मी एसटीत चढले ती खांद्यात स्टीरिंग अडकवून आणि पोटाशी ते गाठोडं धरून. कंडक्टर म्हणाला, "मावशी, आज तुमी चालवता काय?" पण एका म्हाताऱ्याने गाठोडं बघितलं आणि ताडकन उठून मला जागा दिली. पेणहून निघालेलं, फडक्याने तोंड झाकलेलं, म्हणजे गणपतीच. मी म्हटलं, "गाडीचा दांडा हाय." शेजारची बाई हळूच म्हणाली, "नवसाचा असेल. सांगायचा नसतो." आणि गाठोड्याच्या पाया पडली.

मग तिने नाक वर केलं. "बोंबलाचा वास येतो काय गो?"

"चाकाला येतो."

"श्रावणात! आणि मांडीवर देव!" सगळी गाडी माझ्यावर तुटून पडली. पण जागा सुटली नाही. देवाला उभं कोण करणार?

रोह्याला लेथवाल्याने फडकं सोडलं आणि तो हसतच सुटला. टोक संगमरवरासारखं गुळगुळीत होतं. "दाते कुठे हायत? हे धरून बुश केला तर चाक गरगर फिरेल आणि गाडी सरळ नदीत जाईल."

तशीच परत आले आणि मूर्तिकाराला विचारलं. तो एका हाताने सोंड घासत होता. "टोकाला खरखरीत लागत होतं," तो म्हणाला, "म्हणून पॉलिशपेपर मारला. ओबडधोबड माल माझ्या कारखान्यातून जात नाय."

दुसरा ठसा घेतला तेव्हा मी त्याच्या डोक्यावर उभी राहिले. पॉलिशपेपर माझ्या कमरेला होता. या वेळी गाठोडं पिशवीत घातलं, तर एसटीत कुणी जागा दिली नाही. उभी राहूनच रोह्याला गेले आणि बुश घेऊन आले.

चाक बसलं. नवऱ्याने डाव्या हाताच्या पंजाने फिरवलं आणि गाडी लोण्यासारखी वळली. फक्त चाक एवढं मोठं की त्याच्या दोन्ही बाजूंना बसणाऱ्यांच्या पोटात रुतायचं. वळण आलं की नवरा ओरडायचा, "पोट!" आणि माणसं श्वास आत घ्यायची. थोड्या दिवसांनी लोक त्याने ओरडायच्या आधीच पोट आत घ्यायला लागले. वास काही गेला नाही. गाडी स्टँडवर उभी राहिली की मांजरं गाडीखाली नाही, सीटवर येऊन बसायची.

गाडीचं जुनं छोटं स्टीरिंग मी आढ्याला टांगलं. त्यावर बोंबील निम्मेच मावतात. पण दिवसभर घरात कुणी नसतं, आणि कोपरे राहिले तर मी राहू देते.