तालुक्याचं नाव घाला

रामनगरात मामाने आणि मी कॉम्प्युटर क्लास काढला तेव्हा आमच्याकडे कॉम्प्युटर दोन होते आणि ज्ञान जेमतेम एकापुरतं. ते ज्ञान म्हणजे मी, बेळगावात कोर्स करून आलेला. क्लास चालला नाही तर मी गोव्याला हॉटेलात काउंटरवर बसायचं, असं घरी ठरलं होतं. मला अजिबात जायचं नव्हतं.

मामाने डोकं लढवलं. बाजाराला कुंभारवाडा, गुंद अशा आसपासच्या गावांची माणसं येतात. त्यांना दोन खोल्यांतल्या दोन कॉम्प्युटरवर मोटारींची एकच शर्यत खेळून दाखवायची. "मग बघ पोरं कशी धाडत न्हाईत ती," मामा म्हणाला.

बाजाराच्या दिवशी सकाळीच बसलो. मधल्या भिंतीला भोक पाडून केबल ओढलेली. मी माझ्या मशीनवर खेळाचा सर्व्हर सुरू केला की तो मामाच्या पडद्यावरच्या यादीत दिसायला हवा. यादी कोरीच.

केबलच्या टोकांच्या टोप्या काढून परत बसवल्या. मशीनमधलं नेटवर्कचं कार्ड उपसून पुसलं. पिंग करून पाहिलं, तर मामाच्या मशीनकडून लगेच उत्तर! म्हणजे हाक पोचत होती, ओ येत होती, आणि तरी माणूस दिसत नव्हता. मला काही म्हणता काही कळेना. तेवढ्यात वीज गेली. धरण आमच्याच तालुक्यात आणि अंधारही आमच्याच तालुक्यात. वीज आली तोवर रस्त्यावर बाजार भरायला लागला होता, आणि मला गोव्यातलं ते काउंटर स्पष्ट दिसायला लागलं.

खेळाची एकच अट होती: दोन्ही मशीनच्या गटाचं नाव एक हवं. विसरायला नको म्हणून मी तालुक्याचं नाव सुचवलं होतं.

"मामा, तालुक्याचंच नाव घातलासा न्हवं?" मी भिंतीतल्या भोकातून ओरडलो.

"व्हय रं! किती येळा इचारशील? तालुक्याचंच घातलंय."

मी माझं परत तपासलं. जोयडा. स्पेलिंगही बरोबर. शेवटी वैतागून उठलो आणि मामाच्या खोलीत गेलो. त्याच्या पडद्यावर इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं: सुपा.

मामाचं गाव सुपा. तालुक्याच्या कचेऱ्या पूर्वी तिथंच, म्हणून तालुक्याचं नावही तेच. धरण झालं, गाव पाण्याखाली गेलं, कचेऱ्या जोयड्याला गेल्या आणि तालुक्याचं नावही जोयडा झालं. मामासारखी बरीच माणसं रामनगरात येऊन राहिली. मामाच्या तोंडी मात्र अजून सुपाच होतं, आणि हे मला रोज ऐकून ठाऊक होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

"अवो मामा, तालुका आता जोयडा की!"

मामाने पडद्याकडे पाहिलं. "व्हय की," तो हळूच म्हणाला. मी माऊसला हात घातला तसं त्याने माझं मनगट धरलं.

"हे ऱ्हाऊ दे. तुझं बदल."

वाद घालायला तोंड उघडलं होतं, पण त्याचा चेहरा बघून मिटलं. माझ्या खोलीत जाऊन नाव बदललं आणि मशीन बंद करून चालू केलं. "दिसतंय काय, मामा?" विचारतच धावत गेलो.

वर सुपा, त्याखाली दोन मशीन. मामा नुसता बघत बसला होता.

"सुप्यात दोन घरं झाली बघ," तो म्हणाला.

माणसं आली. मामाने शर्यतीआधी प्रत्येकाला ते नाव बोट ठेवून वाचून दाखवलं. गाडी त्याने पहिल्याच वळणावर झाडावर घातली, त्याचं त्याला काही नाही. त्याच्या जुन्या गावातली एक शेजारीण मात्र शर्यतीकडे बघेचना. पडद्याजवळ वाकून तिने विचारलं, "सुपा म्हणतोस, मग आमचं घर कुठं हाय रं ह्यात?"

"नातवाला धाडा की, अक्का. तिसरं मशीन आलं की त्येला तुमच्या घराचं नाव घालतो."

नातू आला, त्याच्या मागून आणखी पोरं आली, आणि माझं गोव्याला जाणं राहून गेलं. पुढे तिसरं मशीन आलं, तेव्हा मामाने अक्काला मुद्दाम बोलावून घेतलं. तिला खुर्चीत बसवलं, केबल जोडली. यादीत तिचं घर पहिल्या फटक्यात दिसलं.