सोळा फुटांत पाच इंच

माझे वडील घोडेगावच्या पट्ट्यात गवंडीकाम करायचे. पायाची आखणी त्यांनी केली की ती पुन्हा कोणी मोजत नसे. साठी उलटल्यावर बांधकाम सुटलं, पण आखणीला बोलावणं येत राहिलं. तेवढंच काम उरलं होतं.

पद्धत साधी. कोपऱ्यातल्या खुंटीपासून एका दोरीवर बारा फूट मोजायचे, दुसरीवर सोळा. त्या दोन खुणांमधलं अंतर वीस फूट भरलं तर कोपरा काटकोनात. गवंड्यांच्या भाषेत, गुण्यात. वडिलांच्या टेपचे पहिले तीन इंच तुटलेले होते. टोक धरणाऱ्याने तीन इंचांची रेघ खुणेवर ठेवून "तीन!" अशी हाळी द्यायची. हाळी आली की ते मापात तीन इंच वाढवत. मी नवा टेप आणून दिला होता. तो पेटीतच राहिला.

दोन वर्षांपूर्वी शेजाऱ्यांच्या घराची आखणी होती. मेंढ्यांमागे हिंडण्यात हयात गेलेलं कुटुंब, पहिलंच पक्कं घर. मी सुट्टीवर होतो, म्हणून टोक मी धरलं. बारा आणि सोळा नीट झाले. विसाच्या वेळी ऑफिसातून फोन आला. बातमीतला एक आकडा तपासायचा होता. मी रेघ धरून बोलत राहिलो. हाळी दिली नाही. वडिलांनी तीन इंच न वाढवता वीस फुटांवरच खुंटी ठोकली. पलीकडचा कर्णही तेवढाच भरतो का, हे ताणून पाहायचं, तर तिथे मेंढ्या बसवलेल्या.

"ऱ्हाऊ द्या मिस्तरी," शेजारी म्हणाले, "तुमचं कवा चुकलंय?"

भिंती उभ्या राहिल्या. फरशी बसवायला आलेल्या कारागिराने कोपऱ्यात लोखंडी गुण्या लावला आणि हसला. "मिस्तरी, खोली बांधलीय का पतंग?"

सोळा फुटांत भिंत पाच इंच आत आली होती. कडेला निमुळते तुकडे कापून बसवावे लागणार होते. फोन मला तिथेच आठवला; कर्णात राहिलेल्या तीन इंचांचे भिंतीत पाच झाले होते.

"माझंच चुकलं," वडील म्हणाले. "ध्यान नव्हतं."

शेजारी चिडले नाहीत. "वय झालं राव आता तुमचं," एवढंच म्हणाले.

फोनचं मी कोणाला सांगितलं नाही. त्यानंतर वडिलांना आखणीला कोणी बोलावलं नाही. आता आळेफाट्याहून इंजिनिअर येतो.

या उन्हाळ्यात मी सांगितलं. "आण्णा, त्या दिवशी मी हाळी दिली नव्हती."

ते शेंगा निवडत होते. हात थांबला नाही.

"हाळी आली न्हाई, हे खुंटी ठोकल्यावर ध्यानात आलं व्हतं. वाटलं, आपल्यालाच ऐकू आली नसंल; तीन इंच धरलं का न्हाई, तेबी आठवंना. कान लई दिस झालं साथ देत न्हाईत."

"मग परत विचारायचं ना."

"लोकांपुढं? गवंड्याला ऐकू येत न्हाई म्हनून?"

शेजाऱ्यांकडे जाऊन मी खरं सांगतो, असं म्हणालो. वडिलांनी नकारार्थी मान हलवली.

"नगं. आता कोन आखाया बोलवनार हाय?"

मी गेलो नाही.