जोशींच्या नेहाची भिंत

सगळं आयुष्य बातमीदारीत गेलं, पण छापून आलेल्यापेक्षा न छापलेलंच जास्त साठलं. त्यातलं निम्मं तरी या एका भिंतीचं!

मिनेसोटातल्या आमच्या गावी एका गिरणीमालकाने इंग्लंडमधली जहागीर पाहून येऊन तशीच बाग करवली होती. भोवती दगडी भिंत, सिमेंटचा कण नाही. शंभर वर्षं उभी! पालिकेला तिथे पार्किंग हवं, म्हणून ती 'धोकादायक' ठरली. दुरुस्तीला उभी राहिली माझ्या मित्राची, जोशींची नेहा. जन्म इथलाच, धंदा दगडी भिंती रचण्याचा. मदतीला दर शनिवारी आमचं मराठी मंडळ.

*

पालिकेच्या सभेत एक मेंबर म्हणाले, "जुने दगडच तर आहेत!"

मी उठलो. "आणि तुमचा नवा टाउन हॉल गळतोय!"

माझा माइक बंद केला. मला माइक लागतोय कशाला!

*

देशपांडेकाका रिटायर्ड सिव्हिल इंजिनिअर. पहिल्याच शनिवारी सिमेंटची गोणी घेऊन हजर.

"नो वे, काका! थंडीत जमीन गोठून फुगते. भिंतीला हलायला जागा हवी," नेहा म्हणाली.

"हलणारी भिंत उभी राहिलेली मी जन्मात पाहिली नाही!"

"मग आत्ता जिला टेकून उभे आहात, ती?"

*

सुनंदाकाकूंनी कामाचा नारळ फोडला, तो थेट भिंतीच्या माथ्यावर! देखरेखीला आलेल्या गोऱ्या बाई किंचाळल्या, "हिस्टॉरिक वॉल!"

नारळाची दोन शकलं झाली, दगड जागचा हलला नाही. काकूंनी बाईंच्या हातावर खोबरं ठेवलं. "झालं इन्स्पेक्शन. घ्या, प्रसाद!"

*

जोशी मात्र तिकडे फिरकायचे नाहीत. लोकांना सांगायचे, "नेहा कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंटमध्ये आहे."

मी भडकलो. "सरळ सांग ना, पोरगी गवंडी आहे!"

"तुझी असती तर सांगितलं असतंस?"

"मथळा केला असता!"

त्यांचा सगळा जीव नव्या गाडीत. आत समोसा खायचा नाही. पक्षी घाण करतात म्हणून झाडाखाली लावायची नाही.

*

इन्स्पेक्शनचा दिवस. पालिकेचे इंजिनिअर मान हलवत म्हणाले, "काम छान आहे. पण ही पडणार नाही, याची खात्री कोण देणार?"

नेहाचा चेहरा उतरला. मी तोंड उघडणार, एवढ्यात जोशींची गाडी आली. झाडं टाळत टाळत पुढे सरकली आणि भिंतीला अगदी खेटून थांबली.

जोशी उतरले. रुमालाने बॉनेटवरची धूळ पुसली, गाडी लॉक केली.

"नेहा, जेवली नसशील. चल, चालतच जाऊ. गाडी राहू दे इथे."